डावीकडचा पडदा

४ फेब्रुवारी

खुडबुड्या,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन सोडून पत्र का, तर मागच्या रविवारी तू फोनवर ‘डॅश’ म्हणालास आणि मी डी, ए, एस, एच अशी चार अक्षरं टाइप केली. पाऊण तास आपण एकमेकांना ‘आता काय दिसतंय?’ एवढंच विचारत होतो. एका हातात फोन, एका हातात माउस, मग चष्मा कोण सावरणार? तेव्हा जे सांगायचं ते कागदावर सांग, म्हणजे कीबोर्डशेजारी ठेवून करता येईल. स्टुडिओतल्या संगणकाला इंटरनेट नाही हे तुला ठाऊकच आहे. गिऱ्हाइकांचे चेहरे दुकानाबाहेर जायला नकोत म्हणून तुझ्या काकांनी ते कधी घेऊच दिलं नाही.

तर तक्रार अशी. सकाळी मशीन सुरू केलं की त्याला वाटतं, माझ्या पडद्याच्या डावीकडे आणखी एक पडदा आहे. नाहीये. तिथे भिंत आहे आणि कॅलेंडर आहे. पण माउसचा बाण डावीकडे सरकतो तो थेट भिंतीत जातो. फोटो उघडावा तर तो त्या नसलेल्या पडद्यावर उघडतो. काल कुलूपवाल्याच्या आईचा फोटो अर्धा तास हरवला होता आणि तो बिचारा काउंटरवर उभा.

मी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाते, तो दुसरा पडदा बंद करते, सगळं सरळ होतं, दिवसभर काम करते. संध्याकाळी मशीन बंद. सकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या. हे होते तेव्हा असं काही नव्हतं. अर्थात हे कधी मशीन बंदच करायचे नाहीत. नुसता पडदा मालवून जेवायला यायचे. मला ते जमत नाही, घर सोडताना दिवा चालू ठेवल्यासारखं वाटतं.

चिमी म्हणते, ‘आई, तू सेव्ह केलंच नसशील.’ तिला काय, ती फोटो मोबाइलवर बघते. तू सांग काय ते. ह्या मशीनमधलं हे लिनक्स तूच आमच्या गळ्यात मारलं होतंस.

तुझी,
काकू

*

१३ फेब्रुवारी

प्रिय काकू,

नमस्कार. तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि इथे माझी वट वाढली. आमच्या गोदाम कंपनीत मी चारशे मशीन सांभाळतो, पण हाताने लिहिलेलं पत्र माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आलं. शेजारच्या टेबलावरची विचारत होती, लग्न ठरलं का.

आता तुझ्या दुखण्याकडे. मला वाटतं, गोष्ट साधी आहे. डिस्प्लेमध्ये बदल केलास की आधी ‘लागू करा’ दाबायचं. मग एक छोटी खिडकी येते, ‘हे बदल ठेवायचे का?’ तिथे वीस सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्यात ‘ठेवा’ दाबलं नाही तर मशीन सगळं पूर्ववत करतं. कदाचित तू चष्मा शोधेपर्यंत वीस सेकंद संपत असतील. असं होतं कधीकधी, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस.

एक वही कर. रोज काय केलंस, किती वाजता, ‘ठेवा’ दाबलंस की नाही, सगळं लिही. शिवाय गोळ्या वेळेवर घेतेस ना? त्याही त्याच वहीत लिहिल्यास तर बरं. आणि सहज विचारतो, मी फोन केला तो रविवार होता की सोमवार? मला आठवत नाहीये.

तुझा,
खुडबुड्या

*

२२ फेब्रुवारी

खुडबुड्या,

रविवार होता. ते मी पहिल्या पत्रातच लिहिलं होतं. पत्र नीट वाचत जा.

वही केली. पाच दिवस झाले. पाचही दिवस ‘ठेवा’ दाबलं. वीसपैकी चौदा सेकंद उरले असताना दाबलं, एकदा सतरा. पाचही सकाळी डावा पडदा हजर. गोळ्यांची वही वेगळी आहे, ती तुला दाखवणार नाही.

काम करताना एक गोष्ट मात्र झाली. तो बाण भिंतीत गेला की माझी मान आपोआप डावीकडे वळते. मी आता ह्यांच्या जागी बसते, आणि तिथे त्या भिंतीलगत माझं टेबल होतं रे. तू यायचास सुट्टीत तेव्हा दोघांची टेबलं जोडून होती, मध्ये ब्रशांचा पेला. आधी काचेच्या निगेटिव्ह होत्या तेव्हाही तसंच बसायचो. हे हाताने पक्के, नजरेने कच्चे. माझं उलटं. एखाद्या जुन्या फोटोतली घडी पुसायची, फाटलेला गाल जोडायचा, ते काम ह्यांचं. मग तो माझ्या टेबलाकडे सरकवायचा आणि गप्प बसायचं. मी ‘हो’ म्हटल्याशिवाय एकही चेहरा छापायला जायचा नाही. एका शिंपिणीच्या वडिलांच्या फोटोवर मी चार दिवस ‘हो’ म्हटलं नव्हतं. कपाळावरची एक आठी ह्यांनी डाग समजून पुसली होती. परत काढायला लावली. शिंपीण फोटो बघून काउंटरवरच रडली, म्हणाली, हिशेबाला बसले की असेच दिसायचे.

संगणक आल्यावर तू माझ्यासाठी जुना पडदा जोडून दिलास आणि तीच पद्धत चालू राहिली. हे तिकडून चेहरा ढकलायचे, तो माझ्या पडद्यावर यायचा. मग तीन वर्षांपूर्वी माझा पडदा जळला. ह्यांनी तो भंगारात दिला, म्हणाले नवा आणू. आणला नाही. मीही विचारलं नाही. मी काउंटरवर बसायला लागले, पावत्या फाडायला. ह्यांना आता माझी नजर लागत नाही, ते प्रोग्रॅमच सगळं ओळखतात, असं मी समजले. जाऊ दे, कुठून कुठे गेले.

काकू

*

५ मार्च

प्रिय काकू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शिंपिणीची गोष्ट मला माहीत नव्हती. मला आठवतो तो डार्करूमचा लाल दिवा आणि काकांचा आवाज, ‘दार उघडशील तर कान उपटीन.’ त्या तीन सुट्ट्यांत मी जे शिकलो त्यावर आज जगतो आहे. काका मला एकेक जुना कॅमेरा उघडायला द्यायचे आणि परत जोडून झाला की एक स्क्रू उरलेला असायचा. ते तो स्क्रू खिशात टाकायचे, ओरडायचे नाहीत.

आता उपाय दुसरा. मशीन पडद्यांची मांडणी एका फाइलमध्ये साठवून ठेवतं. ती फाइल बिघडली असेल. सोबतच्या कागदावर पायऱ्या लिहिल्या आहेत, त्याप्रमाणे ती फाइल कचऱ्यात टाक आणि मांडणी पुन्हा कर. नवी फाइल आपोआप तयार होईल.

एवढं करूनही झालं नाही तर खरं सांगू? सोडून दे. मशीन बारा वर्षांचं झालं. रोज सकाळी दोन मिनिटं जातात तर जाऊ दे. तसंही मे महिन्यात चिमीताईकडे जायचंच आहे, तिथे तुला ह्या कटकटी राहणार नाहीत. तिच्या घराला बाल्कनी छान आहे.

तुझा,
खुडबुड्या

*

१४ मार्च

खुडबुड्या,

फाइल कचऱ्यात टाकली. नवी तयार झाली. सकाळी डावा पडदा हजर.

आता दुसरं. मे महिन्यात चिमीकडे जायचं आहे हे मी तुला कधी लिहिलं? फोनवरही नाही. म्हणजे तुमचं दोघांचं बोलणं झालेलं आहे. म्हणून ती गोळ्यांची वही आणि म्हणून तो रविवार की सोमवार. मी चेहरे वाचून पोट भरलं आहे रे. पत्रातही चेहरा दिसतो.

सगळंच सांगते, अर्धवट नको. जानेवारीत मी दूध गॅसवर ठेवून काउंटरवर गेले. पातेलं जळलं. चिमी नेमकी आलेली होती. तिने मला डॉक्टरकडे नेलं. त्याने मला घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. काढलं. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला एक गेला. डॉक्टर म्हणाला, वयाप्रमाणे आहे, लक्ष ठेवा. चिमीने त्यातलं ‘लक्ष ठेवा’ तेवढंच ऐकलं. तेव्हापासून संगणकाची गोष्ट काढली की ती माझ्याकडे अशी बघते की मला माझीच शंका येते. ठरलंय असं की मेमध्ये स्टुडिओ बंद करायचा आणि मी तिच्याकडे राहायला जायचं. एकटीला ठेवणं बरं नाही म्हणे.

वाईट मुलगी नाही ती. घाबरली आहे. वडील असे बसल्या जागी गेले, आता आई हातची जाईल असं तिला वाटतं.

पण मीही घाबरले आहे, हे कुणाला सांगू? रोज सकाळी तो बाण भिंतीत गेला की मी वही उघडून बघते. काल संध्याकाळचं माझं अक्षर असतं, ‘ठेवा दाबलं.’ आणि समोर तर काहीच ठेवलेलं नसतं. आताशा मला वाटायला लागलंय की वहीत मी न केलेलं लिहिते. एकाहत्तर वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं.

मला ते मशीन दुरुस्त करून नको आहे. मला एवढंच सांग, मी ते करते की करत नाही? जे असेल ते सांग. गोड करून सांगू नकोस. मी विसरत असेन तर उद्या पेट्या बांधते आणि निमूटपणे जाते.

काकू

*

२० मार्च

काकू,

माझं चुकलं. चिमीताईचा फोन आला होता. तिने विचारलं, तुझं काय मत? मी म्हणालो, सेटिंग आपोआप जात नाही, काकू ‘ठेवा’ दाबायला विसरत असणार. तुला काहीही न विचारता बोललो. तुझ्या जागी ऑफिसातला कुणी असता तर मी आधी मशीनवर संशय घेतला असता. तुझ्यावर घेतला, कारण तू एकाहत्तरची आहेस. ह्याची लाज वाटते.

तुझं चौदा तारखेचं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा नीट विचार केला. तू फाइल टाकलीस, नवी झाली, म्हणजे मशीन तुझं म्हणणं लिहून घेतंय. आणि तरी सकाळी मोडतंय. म्हणजे ते विसरत नाहीये. सुरू होताना कुणीतरी त्याला दुसरंच काही सांगतंय.

असं कर. फाइल्सची खिडकी उघड. कंट्रोल दाबून धरून एच दाब, लपलेले फोल्डर दिसायला लागतील. त्यातलं कुठलं उघडायचं, त्याच्या आत कुठलं, ते मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं आहे. शेवटच्या फोल्डरचं नाव ‘ऑटोस्टार्ट’. मशीन उठल्याबरोबर जी कामं न विचारता करतं त्यांची यादी तिथे असते. तिथे जे काही असेल ते उघड आणि जसंच्या तसं कागदावर उतरवून पाठव. काही पुसू नकोस.

एखाद्या ओळीच्या सुरुवातीला दोन उभ्या, दोन आडव्या रेघांचं चिन्ह दिसेल, त्याला हॅश म्हणतात. ते असलं की मशीन ती ओळ वाचत नाही. ती माणसांसाठी लिहिलेली टीप असते. तीही उतरव.

तू कर, मी वाट बघतो. आणि तोवर पेट्यांना हात लावू नकोस.

खुडबुड्या

*

२ एप्रिल

खुडबुड्या,

तिथे एकच फाइल होती. इंग्रजी अक्षरांची जी लांबलचक ओळ आहे ती वेगळ्या कागदावर उतरवून जोडली आहे, चारदा ताडून बघितली. बाकी सगळं हॅशवालं आहे, मराठीत. ते इथेच लिहिते.

\# काकूचा पडदा डावीकडे. जुना असल्यामुळे मशीन त्याला ओळखत नाही, म्हणून रोज सुरू होताना जबरदस्तीने चालू करायचा. ही ओळ कुणीही काढू नये! — खुडबुड्या, सुट्टीचा शेवटचा दिवस.

\# हिचा पडदा आज जळला. नवा आणायचा. ओळ राहू दे.

\# पुढच्या महिन्यात नक्की.

\# ही काउंटरवर बसते. रागावली आहे का? विचारायचं.

\# विचारलं नाही. बघू.

\# धोब्याच्या आजीचा फोटो हिला न दाखवता दिला. बरा झाला नाही. पडदा आणायचाच.

एवढंच आहे. ह्याच्याखाली काही नाही.

आज आणखी लिहवत नाही.

काकू

*

९ एप्रिल

काकू,

तुझं पत्र जिन्यात उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो.

ती पहिली टीप माझी आहे. ओळ माझी आहे. मला ह्यातलं काहीही आठवत नव्हतं. तू मशीन सुरू केलंस की रोज सकाळी ते मी सांगितलेलं ऐकत होतं आणि मी तुला वीस सेकंद शिकवत होतो! आता आठवतंय. गाडी चुकेल म्हणून आई खालून हाका मारत होती, आणि तुझा पडदा काही केल्या उजळत नव्हता. शेवटी ही ओळ लिहिली आणि तो लागला. काका म्हणाले, ‘मी विसरलो तर काय?’ म्हणून मी त्यांना हॅश शिकवला. म्हणालो, ‘काका, इथे स्वतःसाठी काहीही लिहून ठेवा, मशीन त्यात नाक खुपसत नाही.’ त्यांनी ते इतकं मनावर घेतलं असेल हे मला माहीत नव्हतं.

तू विचारलं होतंस, मी करते की करत नाही. तू करत होतीस. प्रत्येक दिवशी करत होतीस. विसरलो मी, चौतिसाव्या वर्षी, आणि मला कुणी घड्याळ काढायला लावलं नाही.

तुझ्या पत्रांची नक्कल चिमीताईला पाठवली आहे, वर माझा कबुलीजबाब. तिला फोनही केला.

ती इंग्रजी ओळ काढलीस की रोजचा त्रास थांबेल. पूर्ण फाइल पुसलीस तरी चालेल. किंवा ओळ तशीच ठेवून तिच्या सुरुवातीला एक हॅश टाकलास तरी मशीन तिच्याकडे बघणार नाही. कसं करायचं ते मागे लिहिलं आहे. काय करायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही, मी आजवर पुष्कळ सांगितलं.

खुडबुड्या

*

१९ एप्रिल

खुडबुड्या,

तुझ्या काकांचा मला इतका राग आला होता की दोन दिवस मी त्यांच्या फोटोकडे पाठ करून बसले. एका खोलीत, आठ पावलांवर मी काउंटरला बसलेली. नुसतं मान वर करून विचारायचं होतं, ‘अगं, रागावलीस का?’ ते नाही जमलं ह्या माणसाला. मला सांगायचं सोडून मशीनला सांगून ठेवलं, आणि तेही अशा जागी जिथे मशीनसुद्धा वाचत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मला हसू आलं, मग रडू आलं. मीही कुठे विचारलं होतं? आठ पावलं मलाही होतीच की. ह्यांना माझी नजर नको आहे असं धरून मी तीन वर्षं पावत्या फाडल्या, आणि हे तिकडे धोब्याच्या आजीपाशी अडून बसलेले. ह्या गोष्टीचं मला मरेपर्यंत वाईट वाटेल.

धोब्याला निरोप पाठवला. फोटो परत आण म्हटलं, पुन्हा करून देते. आजीची हनुवटी चुकली आहे, मी ओळखत होते तिला.

चिमी परवा येऊन गेली. आल्या आल्या म्हणाली, ‘मला ती फाइल दाखव.’ दाखवली. वडिलांचं ‘बघू’ वाचून हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून बसली, लहानपणी बसायची तशी. ‘आई, मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता,’ म्हणाली. मी म्हटलं, दूध मात्र मीच जाळलं, ते मशीनच्या नावावर खपवू नकोस. मग आम्ही नीट ठरवलं. मेमध्ये मी जात नाही. स्टुडिओ चालू राहील. दर सहा महिन्यांनी डॉक्टरकडे जायचं, आणि गॅसवर काही असलं की स्वयंपाकघर सोडायचं नाही. ह्यापुढे खरोखरच विसरायला लागले तर मी स्वतःच तिला सांगेन, तिने माझ्यावर पाळत ठेवायची नाही. तिने कबूल केलं. जाताना कुलूपवाल्याच्या आईचा फोटो बघून म्हणाली, डावी भुवई जरा वर हवी. बरोबर होतं तिचं. नजर माझी घेतली आहे पोरीने, इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ती गेल्यावर मी फाइल उघडली. पुसायला हात धजला नाही. तू सांगितलंस तसं तुझ्या लांबलचक ओळीच्या सुरुवातीला एक हॅश टाकला, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवलं. मग ह्यांच्या शेवटच्या टिपेखाली जागा होती, तिथे मी माझी एक लिहिली.

\# रागावले होते. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

सेव्ह केलं. मशीन बंद केलं, आणि पुन्हा सुरू करून आधी तीच फाइल उघडून बघितली. माझी टीप राहिली आहे.

तुझी,
काकू